एकाच चुलीवरचे दोन हिशेब



गेल्या पावसाळ्यात आमच्या नागापूरच्या वस्तीत आरोग्य शिबिर झाले. खुर्च्या मांडण्याचे आणि नावे लिहून घेण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले. कारकुनाच्या हातात समाजकार्यातही वहीच येते. बोटाला सुई टोचून रक्त तपासले जात होते आणि आम्ही प्रत्येकाच्या नावापुढे हिमोग्लोबिनचा आकडा मांडत होतो. दुपारपर्यंत तीन पाने भरली. बेरजेची सवय असल्याने आमची नजर रकान्यावरून आपोआप खाली उतरली आणि तिथेच अडकली. ज्या घरचा नवरा साडेतेरावर, त्याच घरची बायको नऊवर, कुठे त्याच्याही खाली. घर एक, चूल एक, पीठ एकाच डब्यातले. मग आकड्यांत एवढी तफावत कशी?

त्या यादीत आमच्या शेजारच्या वहिनी होत्या. त्या एमआयडीसीत कंत्राटावर पॅकिंगचे काम करतात. आठ दिवसांपूर्वी कामावर उभ्या असतानाच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सुपरवायझर म्हणाला, "कामाची सवय नाही." सासूबाई म्हणाल्या, "पहिल्यापासूनच नाजूक." वहिनी स्वतः आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, आळस भरलाय बघा अंगात." आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे आकडा पडला ८.१. बाईमाणसाचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे लागते. आळस असा सुईने मोजता येत नाही. म्हणजे हा आळस नव्हता.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचले, दवाखान्यातल्या जाणत्यांना विचारले. तेव्हा ध्यानात आले की शरीराचा कारभार पुष्कळसा जमाखर्चासारखाच आहे. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

पोट भरणे वेगळे, पोसणे वेगळे

आपण खातो त्यातून शरीराला जळण मिळते. ते उष्मांकांत, म्हणजे कॅलरीत मोजतात. भात-भाकरीतील पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ४ उष्मांक मिळतात, डाळी-मांसातील प्रथिनांच्या एका ग्रॅमपासूनही ४ आणि तेल-तुपाच्या एका ग्रॅमपासून ९. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या मापाप्रमाणे अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० उष्मांक लागतात. मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला २,१३० लागतात.

आता कोणी म्हणेल, मग काय, चार घास जास्त खाल्ले की झाले! इथेच आपली फसगत होते. नुसते जळण असून चूल पेटत नाही, पेटवणाराही लागतो. साखर उघड्यावर पेटवायची तर केवढी आच लागते! पण तीच साखर आपल्या अंगात ३७ अंशाच्या उबेवर, धूर न होता, टप्प्याटप्प्याने जळते. हे काम करणारे कामगार शरीरातच आहेत. त्यांना विकरे म्हणतात, दवाखान्यातली मंडळी एन्झाइम म्हणतात.

एक प्रयोग करून पाहा. भाकरीचा कोरडा घास तोंडात घ्या आणि गिळण्याची घाई न करता सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागेल. कोणी साखर घातली नाही. लाळेतल्या अमायलेज नावाच्या विकराने भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर करायला सुरुवात केली, तिची ती चव. पुढे जठरात पेप्सिन आणि आतड्यात ट्रिप्सिन ही विकरे प्रथिने फोडतात, लायपेज नावाचे विकर तेल-तूप फोडते. एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही. आमच्या नागापूरच्या फिटरला हे लगेच पटेल. दहाचा पाना तेराच्या नटाला लागत नाही. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली यालाच कुलूप-किल्लीची उपमा दिली. आणि फिटर जसा एक नट सोडवून दुसऱ्याकडे वळतो, तसे हे विकर एक काम उरकून लगेच पुढचे हाती घेते. त्या कामात ते स्वतः खर्ची पडत नाही.

पण कोणताही कामगार जन्मभर पुरत नाही. जुनी विकरे मोडीत निघतात, नवी घडवावी लागतात, आणि ती प्रथिनांचीच बनतात. घरात खाणे कमी आले तर शरीर काय करते? जळण संपलेल्या घरात माणूस शेवटी छपराची तुळई काढून चुलीत घालतो, तसे शरीर आपल्याच स्नायूंतली प्रथिने जळणात घालते. चहा आणि खारीवर पाळी काढणारा माणूस दिवस ढकलतो खरा, पण तुळई जाळून.

सुटे पैसे आणि शेवटची गिरणी

भाकरीची साखर रक्तातून प्रत्येक पेशीपर्यंत पोचते. पण शंभराची नोट घेऊन टपरीवर गेले तर चहावाला सुटे मागतो. शरीराचेही तसेच आहे. साखरेची नोट मोडून पेशी तिचे सुटे पैसे करतात. त्या सुट्या पैशांना एटीपी असे नाव आहे. हात उचलायचा, पापणी हलवायची, विचार करायचा, सगळे व्यवहार याच नाण्यांवर चालतात. गंमत अशी की शरीरात एटीपीची शिल्लक एका वेळी साधारण १०० ग्रॅमच असते, पण स्वस्थ पडून राहिलेला माणूसही दिवसभरात सुमारे ४० किलो एटीपी वापरतो. म्हणजे तीच नाणी दिवसाकाठी शेकडो वेळा खर्च होतात आणि पुन्हा पाडली जातात.

ही नाणी पाडणारी मुख्य गिरणी पेशीच्या आत असते. तिथे अन्नातली ऊर्जा हातोहात पुढे दिली जाते आणि अगदी शेवटी प्राणवायूच्या स्वाधीन होते. ही देवघेव करणाऱ्या साखळीत सायटोक्रोम नावाची प्रथिने असतात, आणि त्यांच्या गाभ्यात काय असते, तर लोह. ज्या लोहावर रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, त्याच लोहावर ही गिरणीही चालते.

म्हणून अंगात लोह कमी पडले की दुहेरी मार बसतो. प्राणवायू आणणारी गाडी अर्धी रिकामी येते आणि गिरणीतही माणसे कमी पडतात. भाकरी खाल्लेली असते, जळण असते, पण सुटे पैसे पडत नाहीत. पाय भरून येतात, जिना चढता धाप लागते, काम उरकत नाही. याला आपण नाव देतो आळस.

श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत मजुरांवर झालेला एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. रक्त कमी असलेल्या मजुरांना लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवल्यावर त्यांनी पूर्वीपेक्षा जास्त चहा खुडला. माणसे तीच, मळा तोच. ज्यांना कोणी कामचुकार म्हटले असेल, त्यांच्या अंगात लोहच नव्हते.

एका बाईचे संशोधन

या सायटोक्रोमशी एका मराठी बाईचे नाव जोडलेले आहे. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमलाबाई सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाल्यावर १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. ही विद्यार्थिनी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. वर्षभर काम पाहू, पसंत पडले तरच नियमित विद्यार्थिनी मानू. घरात शिक्षणाची परंपरा असलेल्या मुलीला दारात असे थांबावे लागले, मग ज्यांच्या घरात पाटीच नव्हती त्यांची गोष्ट काय सांगावी!

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. सायटोक्रोम-सी हा घटक वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे त्यांनी बटाट्याच्या अभ्यासातून दाखवले. म्हणजे माणूस असो की बटाट्याचे रोप, जगण्याची ही गिरणी एकाच घडणीची आहे. त्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. परदेशात न राहता त्या परत आल्या. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबाच्या ताटातल्या वस्तूंवर काम केले. नीरा, डाळी, कडधान्ये हे त्यांचे विषय. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या विकराला अडवणारा एक घटक असतो. तो पोटात गेला की प्रथिने नीट पचत नाहीत, पण चांगल्या शिजवण्याने तो बहुतांशी निकामी होतो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडच्या धान्यांमधल्या या घटकांचा अभ्यास केला. मूठभर कच्ची मटकी चघळण्यापेक्षा मोड आणून शिजवलेली उसळ बरी, ती यासाठीच. कमलाबाई १९९८ साली गेल्या.

वहीतला फरक आणि राज्याचा फरक

आता आमच्या वहीकडे परत येऊ. आम्हाला वाटले होते, हे आमच्या वस्तीपुरते असेल. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले आणि तो समज गेला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के. २०१५-१६ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो खाली न येता वर गेला.

याचे एक कारण निसर्गाचे आहे. दर महिन्याची पाळी, बाळंतपण, यात लोह जाते. म्हणून पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरते, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लागते. स्त्रीची भूक पुरुषापेक्षा लहान, पण लोहाची गरज दीडपट. तेव्हा तिच्या ताटातला घास पुरुषाच्या घासापेक्षा जास्त कसदार असायला हवा.

आणि घडते काय? रविवारी घरात मटण शिजते. फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात, बाईच्या वाट्याला रस्सा येतो. भाजी संपते, ती पातेले पुसून भाकरी खाते, किंवा चहात बुडवून शिळी पोळी. मांस-मासळीतले लोह शरीर सर्वांत सहज घेते. आणि नेमके ज्या ताटाला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच ताटात ते पडत नाही. या कारणाला निसर्ग जबाबदार नाही. हे आपण केले आहे.

शिबिराच्या दिवशी रात्री आम्ही घरी पत्नीला विचारले, "तू कधी जेवतेस?"

"तुमचे सगळ्यांचे झाल्यावर."

"तेव्हा काय उरलेले असते?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "उरेल ते."

लग्नाला वीस वर्षे झाली. कचेरीतल्या प्रत्येक पावतीचा हिशेब आम्ही चोख ठेवला, चळवळीच्या वर्गणीचा ठेवला. हा प्रश्न मात्र वीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता. दुसऱ्यांच्या घरांबद्दल लिहिण्याआधी हे लिहिणे आम्हाला भाग आहे.

काय करता येईल?

बंधू-भगिनींनो, खाली दिलेल्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट बाजरीची. आपला नगर जिल्हा बाजरीचा. घरात चार पैसे आले की बाजरी गरिबाची म्हणून मागे पडते आणि पांढरा भात, मैद्याचे पाव घरात येतात. हिशेब पाहा. शंभर ग्रॅम बाजरी आणि शंभर ग्रॅम पॉलिश केलेला साधा तांदूळ, दोन्हींत उष्मांक साडेतीनशेच्या आसपास. पण बाजरीत लोह सुमारे साडेसहा मिलिग्रॅम आणि त्या तांदळात पाऊण मिलिग्रॅमहूनही कमी. आपल्या जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या संशोधन संस्थेबरोबर जास्त लोहाचे 'धनशक्ती' नावाचे बाजरीचे वाण तयार केले. ते २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले. त्याआधी महाराष्ट्रातल्या शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर जास्त लोहाच्या बाजरीची चाचणी सहा महिने घेतली. काहींना या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, काहींना साध्या बाजरीची. ज्या मुलांत सुरुवातीला लोह कमी होते, त्यांच्यापैकी जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याचे प्रमाण साधारण दीडपटीहून अधिक होते. भाकरीत ही ताकद आहे.

दुसरी गोष्ट लिंबाची. धान्य आणि पालेभाज्यांतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. जेवणात लिंबाची फोड, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो असे काही आंबट असले की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे जास्त लोह अंगी लागते. कडधान्य भिजवून मोड आणल्यानेही लोह मोकळे होते.

तिसरी गोष्ट चहाची. जेवणाबरोबर किंवा जेवून उठता उठता घेतलेला चहा अन्नातले लोह अडवतो. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही, ते आम्हालाच जमणार नाही. जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी अंतर ठेवावे. आणि चहा-खारी हे जेवण नव्हे, हे पाळीवर जाणाऱ्या बंधूंनीही लक्षात ठेवावे. डब्यात भाकरी, घट्ट डाळ किंवा उसळ, शेंगदाण्याची चटणी असली तर जळणही मिळते आणि विकरे घडवायला प्रथिनेही मिळतात.

चौथी गोष्ट गैरसमजाची. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढते, असे नाही. त्यांत लोह फार थोडे. महागाचे डाळिंब आणण्यापेक्षा त्या पैशात हळीव, मटकी, सुकट आणि जमेल तेव्हा कलेजी आणावी. हळिवाचे लाडू आपण फक्त बाळंतिणीला देतो. एरवी बाईला रक्त लागत नाही काय?

पाचवी गोष्ट गोळ्यांची. हिमोग्लोबिन फार खाली गेले असेल तर नुसत्या आहाराने ते लवकर भरून येत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायच्या असतात. शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून पुष्कळजणी आठवड्यात सोडतात. काळे होणे घाबरण्यासारखे नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्याव्यात, चहा-दुधाबरोबर घेऊ नयेत. जंत असतील तर खाल्लेलेही वाया जाते, तेव्हा जंताचे औषध विचारावे. आणि गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, किंवा पाळीत फार रक्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे दुसरे कारण असू शकते.

सहावी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे. भाकऱ्या आधी करून ठेवाव्यात, भाजीचे वाटे आधीच पाडावेत आणि घरातल्या बाईचे ताट इतरांबरोबरच वाढावे. मुलीच्या ताटात मुलाएवढीच फोड पडावी. समतेची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आणि केलीही. तिची सुरुवात पातेल्याच्या डावापासून होते, हे आम्हाला उशिरा कळले.

वहिनींचे काय झाले, ते सांगून थांबतो. त्यांनी आरोग्य केंद्रातून गोळ्या आणल्या. पहिल्या आठवड्यात सोडल्या, पुन्हा धरल्या. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा आकडा १०.४ होता. अजून १२ व्हायचा आहे. पण त्यांच्या सासूबाई परवा ओट्यावर बसून आमच्या पत्नीला सांगत होत्या, "सून आता धाप न लागता पाण्याचा हंडा आणती. मी उगीच तिला नाजूक म्हणत होते." क्षणभर थांबून त्याच पुढे म्हणाल्या, "माझंबी रक्त तपासून घ्यायला पायजे. मला कोणी विचारलंच नाही कधी."

त्यांचे नाव आम्ही वहीत लिहून घेतले आहे. तुमच्या घरात कोणाकोणाचे नाव लिहायचे राहिले आहे, ते आज रात्रीच्या जेवणाला पाहा.

पुढच्या अंकी : रात्रपाळीचा डबा आणि झोप.